'अनॉन': लगेच म्हणजे नक्की कधी?

आजचा शब्द इंग्रजी आहे, आणि हल्ली कोणी तो वापरलाच तर गंमत म्हणून: 'अनॉन'. इंटरनेटवर निनावी माणसाला 'अनॉन' म्हणतात, तो हा नव्हे. तो ग्रीकमधून आलेल्या 'अनॉनिमस'चा तुकडा. आपला 'अनॉन' क्रियाविशेषण आहे, अस्सल जुन्या इंग्रजीतलं.

मुळात ते दोन शब्द होते, 'ऑन' आणि 'आन'. हा 'आन' म्हणजेच आजचा 'वन', एक. एकात, म्हणजे ताबडतोब. आपला 'एकदम' बघा ना. तो फारसी 'यक दम'वरून आला, एक श्वास. दोन्हीकडे घाई दाखवायला 'एक'च कामी आला. मला हे भारी वाटतं.

पण ती घाई टिकली नाही. शेक्सपिअरचं 'हेन्री द फोर्थ', पहिला भाग, 1598 साली छापला गेला. त्यात गुत्त्यावरचा फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात अडकवतो आणि आतून राजपुत्राचा मित्र हाका मारत राहतो. पोऱ्या हाकेमागून हाकेला 'अनॉन' म्हणतो, पण जाणं काही होत नाही. आपलं 'आलो, आलो!' अगदी सेम. शब्द ताबडतोबचा, अर्थ 'थांबा हो जरा'.

आणि हा एकटाच नाही. 'सून' (घरातली नव्हे!) जुन्या इंग्रजीत 'ताबडतोब' होता, 'प्रेझेंटली'चंही तसंच झालं. पण कहर म्हणजे 'बाय अँड बाय'. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर तबकात मागते, तिथे हे शब्द आहेत. आजचा वाचक समजतो, 'द्या सावकाश'. ती म्हणतेय, 'आत्ताच्या आत्ता'. एका माणसाचा जीव चाललाय आणि आपल्याला वाटतं, पोरीला घाई नाही! गंमत म्हणजे त्याच बायबलात मत्तयच्या तेराव्या अध्यायात 'अनॉन' मात्र जुन्या, ताबडतोबच्याच अर्थाने आलाय. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच काळात नांदत होते, कुठला घ्यायचा ते संदर्भावरून ओळखायचं.

शब्द का ढिले पडतात? माझ्या मते, आपण 'लगेच' म्हणतो आणि उशीर करतो म्हणून. ऐकणारा शब्द धरत नाही, अनुभव धरतो. आमच्या टीममध्ये 'एएसएपी' लिहिलेलं तिकीट आलं की लोक आधी चहाला जातात. हल्ली ज्याला खरंच घाई असते तो सरळ तारीख आणि वेळ लिहितो.