ऊन, सावली आणि पळसनाथाचें देऊळ

वरकुटे ज्या इंदापूर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत पळसदेव येथें पळसनाथाचें प्राचीन देऊळ आहे. 1980 मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयानें तें आपल्या पोटांत घेतलें. पाणी फार ओसरलें म्हणजेच तें वर येतें. 2024 च्या उन्हाळ्यांत तें असें वर आलें होतें. ज्याला त्याचें छायाचित्र घ्यावयाचें, त्याला पावसापूर्वींचे थोडेच दिवस मिळतात, आणि तेही रखरखीत उन्हाचे.

अडचण प्रकाशाची आहे. बाहेर आकाश व पाणी लखलखत असतात. सभामंडपांत काळोख असतो. मनुष्याची दृष्टि उजेडाकडून अंधाराकडे वळतांना आपलें माप बदलते, म्हणून त्याला दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र एका वेळीं एकच माप धरावें लागतें. आकाश सांभाळलें तर खांब काळे ठिक्कर पडतात. खांब सांभाळले तर आकाश पांढरें फटफटीत होतें.

या पेचाची उकल जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें 1856-57 च्या सुमारास आकाशाची एक व समुद्राची दुसरी, अशा दोन निगेटिव्हांवरून एकच चित्र छापलें. 1997 मध्यें पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनीं निरनिराळ्या एक्स्पोजरच्या चित्रांवरून दृश्यांतील प्रकाशाचें प्रमाण गणितानें काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ‘हाय डायनॅमिक रेंज’ छायाचित्रणाचें मूळ तत्त्व हेंच.

कृति सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंगाचें छिद्र व आयएसओ कायम ठेवून केवळ शटरचा वेळ बदलावा. मधलें चित्र 1/125 सेकंदाचें असेल, तर दुसरें 1/500 चें व तिसरें 1/30 चें घ्यावें. म्हणजे एकांत चौथाई आणि एकांत सुमारें चौपट प्रकाश येतो. पहिल्यांत आकाश राहतें, दुसऱ्यांत खांब. मग संगणकावर तिन्हींचा मेळ घालावा.

परंतु तीन चित्रांच्या दरम्यान जें हलतें, तें फसवतें. लाटा दुहेरी उमटतात, आणि उडते रोहित पक्षी भुतांसारखे दिसतात. तेथें एकच ‘रॉ’ चित्र घेऊन त्याचा छायाभाग नंतर हलक्या हातानें उजळणें बरें.

दुसरा धोका हौसेचा. अंधार पुरता पुसून टाकला, तर खांबांची गोलाई आणि कोरीवकामाचा उठाव त्याबरोबर जातो; कारण तो सावलीवरच उभा असतो. आंत खांब आहेत हें दिसावें, आणि आंत अंधार आहे हेंही दिसावें. पाणी चढलें कीं देऊळ पुन्हां झाकलें जातें. त्यानंतर लोकांच्या हातीं राहतें तें चित्रच. म्हणून तें खरें असलें पाहिजे.