दुकान हलवा, पण मालेगाव हरवू नका

आजचा विषय नुसता कोडिंगवाल्यांचा वाटेल, पण ज्याने मोबाइलवरून एकदा तरी चप्पल किंवा चार्जर मागवलाय, त्या प्रत्येकाचा तो आहे. चालू असलेलं मोठं ऑनलाइन दुकान जुन्या प्लॅटफॉर्मवरून नव्यावर न्यायचं, म्हणजे नेमकं काय हलवायचं? मी वाशिम जिल्ह्याचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि अशा एका कामाच्या टीममध्ये होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आपल्याला त्याची गरजही नाही.

पहिला प्रश्न: चालतंय ते दुकान हलवायचंच कशाला? कधीकधी इलाजच नसतो. मॅजेन्टो नावाचं सॉफ्टवेअर घ्या. जगभरातली हजारो दुकानं त्याच्या पहिल्या आवृत्तीवर चालायची. ३० जून २०२० ला तिचा सपोर्ट संपला. दुकानं बंद पडली नाहीत, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्त करणारा गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका वीकेंडला जवळपास दोन हजार मॅजेन्टो दुकानांवर हल्ला झाला, आणि त्यातली बहुतेक याच जुन्या आवृत्तीवर होती.

पण घाईने हलवण्यातही धोका आहेच. ब्रिटनचं मार्क्स अँड स्पेन्सर बघा. त्यांची साइट ॲमेझॉनच्या प्लॅटफॉर्मवर होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते स्वतःच्या नव्या साइटवर गेले. तीन वर्षांचं काम, १५ कोटी पौंड खर्च. तरी जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली, आणि लगेचच्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. पुढे ती सावरली, पण धडा राहिला: माल हलवणं सोपं, माणसं हलवणं अवघड.

आता पासवर्डचंच घ्या. चांगलं दुकान तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं पीठ करून ठेवतं. पिठाची परत ज्वारी होत नाही. मग नवी गिरणी वेगळी असेल तर? जुनं पीठ तसंच न्यायचं. ग्राहक पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा जुन्या पद्धतीने दळून जुळवायचं, आणि जुळलं की त्याच क्षणी नव्या पद्धतीने दळून ठेवायचं. ग्राहकाला काही कळतही नाही. न कळणं हेच आपलं यश.

आता मुद्द्याची गोष्ट. पत्ते!

जुन्या सिस्टिममध्ये गावाचं नाव हाताने लिहायची जागा होती. नव्या सिस्टिममध्ये यादीतून शहर निवडायचं होतं. त्यामुळे जुने पत्ते त्या यादीशी जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली गेली. चाचणीत तिने ‘मालेगाव’ दिसलं की नाशिक जिल्हा लावला. आता मालेगाव आमच्याकडेही आहे, तालुक्याचं ठिकाण आहे. कारंजाचंही तसंच: आमचं कारंजा लाड, आणि वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे. त्यात आणखी भर म्हणजे वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळा होऊन. आजही कित्येक जण सवयीने ‘जि. अकोला’ लिहितात. स्क्रिप्टला वाटलं, तालुका रिसोड आणि जिल्हा अकोला? मग पत्ता अवैध!

मीटिंगमध्ये आकडा आला: साधारण दोन टक्के पत्ते जुळत नाहीत. ठरत होतं, की सोडून द्या, ग्राहक पुन्हा टाकतील.

ऐकायला बरोबर वाटतं ना? अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. पण मी ते दोन टक्के पिनकोडप्रमाणे लावून बघितले. पुण्या-मुंबईचे अगदी थोडे. गर्दी होती ती खेड्यांची आणि नव्या जिल्ह्यांची. म्हणजे हे दोन टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते, ते ठरावीक लोकांच्याच वाट्याला येत होते. ज्याच्या गावात ते दुकान मिळतच नाही, म्हणून जो ऑनलाइन मागवतो, त्यालाच आपण वगळणार होतो. आणि आधीच पैसे भरलेलं पार्सल नाशिकला गेलं, तर परतावा मिळेपर्यंत आठवडे जातात. कोणासाठी ते पुस्तकांचे पैसे असतात, कोणासाठी फवारणी पंपाचे.

उत्तर नवं नव्हतंच. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, नेमकी हीच अडचण त्यांनी सोडवली. आमचं मालेगाव ४४४५०३, नाशिकचं ४२३२०३. आम्ही क्रम उलटा केला: आधी पिनकोड, मग गावाचं नाव. दोन्हींत भांडण असेल तर पत्ता टाकून द्यायचा नाही. ग्राहकाला मराठीत मेसेज करून विचारायचं, "हाच पत्ता का?" आणि उत्तर येईपर्यंत त्याचा मूळ मजकूर तसाच जपायचा. काम आठवडाभर लांबलं, पण टीमने ते मान्य केलं.

शेवटचं, एका रात्रीत सगळं हलवू नका. पिंपळ दुसऱ्या झाडावर उगवतो, हळूहळू मुळं खाली सोडतो, आणि एक दिवस स्वतःच्या बळावर उभा राहतो. मार्टिन फाउलरने २००४ मध्ये अशाच झाडावरून या पद्धतीला नाव दिलं. आधी फक्त सर्च नव्यावर, मग कार्ट, मग पेमेंट. जुन्या लिंक नव्या पानांकडे वळवा. वाटेत असलेल्या ऑर्डर आणि परतावे पूर्ण होईपर्यंत जुनं बंद करू नका. आणि दिवाळीच्या तोंडावर तर हातच लावू नका!

तुम्ही टेस्टिंग करत असाल, तर पुण्याचा पत्ता टाकून खूश होऊ नका. आपल्या आजोळचा टाका. तिथपर्यंत पार्सल पोचलं, तरच दुकान हललं म्हणायचं.

तुमच्या गावाच्या नावाचं दुसरं गाव कुठे आहे, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!