वचन कोठलें, हें विचारा



विद्या नसल्यामुळें शूद्रांचें एकामागून एक काय काय गेलें, हें सांगणारें महात्मा जोतीराव फुले यांचें वचन सभांतून नेहमीं ऐकूं येतें. पण तें कोणत्या पुस्तकांतलें असें विचारा. एक म्हणेल अखंडांतलें, दुसरा म्हणेल 'गुलामगिरी'तलें. मधली एखादी पायरी तर पुष्कळांची गळतेच. मग मूळ शोधावें कसें?

प्रथम खात्रीनें आठवतें तेवढेंच कागदावर उतरा. अंदाजाची भर घालूं नका. वाक्यांची उलटापालट होते, पण जोरकस शब्द सहसा विसरत नाहीं. तो धरून ठेवा. यमक कानीं पडलें म्हणून तें पद्यच असेल असें समजूं नका. येथेंच लोक चुकतात आणि अखंड चाळीत बसतात. हें वचन 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या गद्य ग्रंथांत, उपोद्घाताच्या आरंभींच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९६९ सालीं जोतीरावांचें समग्र वाङ्मय छापलें. त्यांत ताडून पाहावें.

असा घोटाळा होण्यास कारणही आहे. या ग्रंथाचे भाग जोतीराव गांवोगांव वाचून दाखवीत. 'दीनबंधु' पत्रांत पहिलीं दोन प्रकरणें आलीं, पुढचीं आलीं नाहींत. म्हणजे कित्येकांच्या घरीं हा ग्रंथ कानानेंच आला. आणि कानानें आलेलें तोंडोतोंडीं झिजतें.

कोणी म्हणेल, वचन पाठ आहे, तेवढें पुरे. नाहीं, पुरे नाहीं! वचनापाशीं थांबणाऱ्यास आपलें काय गेलें एवढेंच कळतें. पुढचीं पानें उलटणाऱ्यास तें परत कसें आणावें हें कळतें. पावसाचें पाणी शेतांत मुरावें म्हणून फौजेंतल्या व पोलिसांतल्या शिपायांकडून बंधारे घालवावेत, पाणाड्यांकडून झरे शोधवून गांवच्या नकाशांत खुणा कराव्यात, असे सरळ उपाय जोतीरावांनीं त्याच ग्रंथांत सांगितले आहेत. ते कितीजणांस ठाऊक आहेत?

आणखी एक. मूळ ठाऊक नसलें म्हणजे कोणीही उठून आपलें म्हणणें थोरांच्या नांवावर खपवितो. सावकाराची वही न वाचतां अंगठा उठवणें आणि ग्रंथ न पाहतां मान डोलवणें, यांत अंतर थोडें. म्हणून कोणी वचन सांगितलें, तर नम्रपणें विचारा: ग्रंथ कोणता, प्रकरण कोणतें? घरांत वाचणारी मुलगी असेल तर तिला तें पान काढावयास सांगा, आणि पुढचीं दोन पानेंही तिच्याकडून वाचून घ्या.