पुळणीवरील लहान पक्ष्यांची ओळख

हिवाळ्यात अलिबागजवळील आक्षी-नागावच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी करड्या रंगाचे लहान पक्षी धावताना दिसतात. पाहणारा बहुधा त्या साऱ्यांना एकाच नावाने संबोधतो. त्यात नवल नाही. विणीच्या काळातील तांबूस-काळी पिसे गळालेली असतात आणि हिवाळी वेषात सारेच सारखे भासतात. म्हणून ओळखीचा आरंभ रंगापासून करू नये. पक्षी पोट कसे भरतो, हे प्रथम पाहावे.

चिखल्या डोळ्यांनी भक्ष्य हेरतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो चार पावले धावतो, थबकतो, वाकून टिपतो आणि पुन्हा धावतो. टिलवा मात्र मान खाली घालून ओली वाळू चोचीने चाचपत जातो. एवढा भेद ध्यानी आला की निम्मे काम झाले.

केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी असते. त्याच्याच सोबतीने वावरणाऱ्या वाळू-चिखल्याला ती नसते. छोटा टिलवा जेमतेम २० ते ३० ग्रॅम वजनाचा, काळ्या पायांचा. ओसरत्या लाटेमागे धावणारा आणि लाट परतताच माघारी पळणारा पांढुरका पक्षी म्हणजे सँडर्लिंग. त्याला मागचे बोट नसते; दुर्बिणीतूनही ते कळेलच असे नाही, पण लाटेशी चाललेली ही शिवाशिवी पुरेशी बोलकी आहे.

टिलवा व सँडर्लिंग उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वीण करतात. परतीच्या प्रवासापूर्वी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. भरतीच्या वेळी विसाव्याला उरते ती कोरड्या वाळूची अरुंद पट्टी. नेमक्या तिच्यावरून मोटारी धावतात, कुत्री सुटतात आणि प्रत्येक उड्डाणात साठविलेली शक्ती खर्ची पडते. वाहनांना कोठे अटकाव करावा, हे ग्रामपंचायतीने ठरवावयाचे तर कोणता थवा कोठे विसावतो याची नोंद हवी. तारीख, भरतीची वेळ, जात व संख्या शाळेतील मुलेही शिक्षकांच्या देखरेखीखाली टिपू शकतील. जात निश्चित न झाल्यास ‘अनोळखी चिखल्या’ असेच लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ते अधिक उपयुक्त. एखाद्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी आढळली, तर रंग, पाय डावा की उजवा आणि पट्ट्यांचा क्रम टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावे.