पायरी आधी दिसायला हवी

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेला २५ वर्षं पूर्ण झाली. म्हणजे चाळिशीत फ्लॅटचा ताबा घेतलेले आपण आता पासष्टीला पोचलो. घरातले दिवे मात्र चाळिशीच्या डोळ्यांना पुरतील असे लावलेले, अजून तेच आहेत. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून मला आज एवढ्याच गोष्टीवर बोलायचंय.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आतलं भिंग पिवळट होतं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायलाही वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. जी वाचतात, त्यांतल्या कितीतरी जणांचं खुब्याचं हाड मोडतं आणि मग पुन्हा पडायच्या भीतीने जिना उतरणंच बंद होतं. रक्तदाबाची औषधं, पायांतली अशक्तता ही कारणं असतातच. पण "पाय घसरला" म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं, की पुष्कळदा कळतं, पायरी दिसलीच नव्हती.

तेव्हा वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून थांबू नका. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं, त्यांच्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळलं. काचबिंदूत कडेची नजर जाते, समोरचं स्पष्ट दिसतं, म्हणून ते लक्षातच येत नाही. तपासणीत मात्र सापडतं.

दुसरं, चष्मा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. त्यातून पायाजवळची पायरी धूसर दिसते. रोज बाहेर फिरणाऱ्यांनी चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा. जे फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांनी सवयीचा चष्मा डॉक्टरांना विचारूनच बदलावा. नंबर एकदम बदलला, तर पहिले काही दिवस जपून चाला.

आता घर. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट दिसली पाहिजे. आपल्या पिढीला उगाच दिवा जाळायचा नाही हे वळण आहे. पण अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रोज रात्री दहा तास चालला, तरी महिन्याला पाव युनिटसुद्धा वीज लागत नाही! बटण पलंगावरून हाताला लागेल असं घ्या. दिवा डोळ्यांवर नको, जमिनीवर उजेड पडेल असा हवा. मोतीबिंदू असलेल्याला चकचकीत फरशीवरची तिरीपही आंधळं करते. बाथरूमच्या पांढऱ्या फरशीला पांढराच उंबरठा असेल, तर त्यावर गडद पट्टी चिकटवा. दारातलं सरकणारं पायपुसणं काढून टाका.

शेवटी समितीला विनंती. आपल्या जिन्याच्या पायऱ्या सगळ्या एकाच रंगाच्या आहेत. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा, निदान पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तरी लगेच. प्रत्येक मजल्याच्या वळणावर दिवा असावा, आणि गेलेला दिवा त्याच दिवशी बदलण्याची जबाबदारी एका माणसावर असावी. जिन्यातल्या चपला, कुंड्या आणि सायकली हलवायचं काम आपलं, सभासदांचं.

रौप्यमहोत्सवाची रोषणाई चार दिवसांनी उतरेल. जिन्यातला उजेड तेवढा कायम ठेवूया.