कापसाचे पाणी



मध्यंतरी आमच्या आईचे डोळे कोरडे पडून चुरचुरू लागले. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. बाटलीवर 'कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज' असे नाव होते. मी आपला प्राध्यापकी सवयीने बोलून गेलो, "आई, हा कापूसच गं, कॉस्टिक सोड्यातून काढलेला." झाले! "सोड्यातलं डोळ्यांत घालतोस होय रे?" म्हणून तिने बाटली कपाटात टाकली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही. चूक माझीच, मी अर्धेच सांगितले होते. उरलेले अर्धे आज आपल्यालाही सांगतो.

कापसात शेकडा नव्वदच्या आसपास सेल्युलोज असते. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. आता ग्लुकोज पाण्यात चटकन विरघळतो, मग त्याचीच ही साखळी का नाही? प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांची पाण्याशी मैत्री आहे खरी. पण ते शेजारच्या साखळ्यांशीच हायड्रोजन-बंधांनी असे बिलगून बसतात, की पाण्याला आत शिरायला फटच उरत नाही. म्हणून तर धोतर शंभरदा धुतले तरी धोतरच राहते!

तेव्हा आधी फट पाडली पाहिजे. कॉस्टिक सोड्याने सूत फुगते, हे इंग्लंडच्या जॉन मर्सरला दिसले होते; १८५० साली त्याने त्याचे पेटंटही घेतले. अशा फुगलेल्या सेल्युलोजवर क्लोरोॲसेटिक आम्लाची क्रिया केली, की काही हायड्रॉक्सिलांतल्या हायड्रोजनच्या जागी कार्बॉक्सिमिथिल गट येतो. तो अंगाने मोठा, शिवाय ऋण विद्युतभार बाळगणारा. साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि मधे पाणी शिरते. तिन्ही जागा भराव्या लागत नाहीत बरे का. दहा कड्यांमागे सातेक गट बसले तरी पुरे.

याचेच भावंड मिथिल सेल्युलोज. ते मोठे विक्षिप्त! गार पाण्यात विरघळते आणि तापवले की घट्ट होते. आपल्या पेजेच्या अगदी उलट. उकळत्या पाण्यात ते टाकून मी एकदा बराच वेळ नुसता ढवळत बसलो होतो.

पण आईचा प्रश्न सोड्याचा होता. उरलेला सोडा आम्लाने मारतात आणि झालेले मीठ वगैरे पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने धुऊन काढतात. नुसत्या पाण्याने धुवावे तर मालच वाहून जायचा!

आईने सारे ऐकून घेतले. "धुतात ना पण नीट?" एवढेच विचारले आणि बाटली माझ्या हातात दिली. आता रोज थेंब घालण्याचे काम माझ्याकडे आहे.