मिगारमाता विशाखा आणि आपली घरे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी बोलायला उभी आहे. समितीने मला 'कुटुंब आणि धम्म' हा विषय दिला. या विषयावर बोलताना आपण सहसा धरूनच चालतो की घरातले सगळे एका विचाराचे आहेत आणि वंदनेला एका ओळीत बसतात. मला सांगा, असे घर आपल्या वस्तीत कितीसे आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि गावोगाव लोकांनी देव्हाऱ्यातले देव नदीत, विहिरीत सोडले. तरी एखाद्या म्हातारीने एखादा टाक कनवटीला बांधून ठेवलाच. आज तर एकाच घरात वडील रोज वंदना घेणारे, थोरला मुलगा इगतपुरीला शिबिराला जाणारा, धाकटा म्हणतो मी काहीच मानत नाही, आणि सून आली आहे देवपूजा करणाऱ्या घरातून. माणसे एकमेकांवर जीव टाकतात, पण लग्नपत्रिकेवर काय छापायचे इथे गाडी अडते. असे घर टिकते कशावर? बहुतेक वेळा आईवर. म्हणून मी आज महाउपासिका विशाखेबद्दल बोलणार आहे.

विशाखेचे नाव आपण दानासाठी घेतो. पण ती नांदायला गेली ते घर वेगळ्या श्रद्धेचे होते, याकडे आपले लक्ष जात नाही. अंग देशातल्या भद्दिय नगरात ती जन्मली. सात वर्षांची असताना तिने भगवंतांचा उपदेश ऐकला. पुढे तिचे वडील धनंजय श्रेष्ठी साकेतला येऊन राहिले आणि तिथून तिचे लग्न श्रावस्तीच्या मिगार श्रेष्ठीच्या मुलाशी, पुण्णवड्ढनाशी झाले. मिगार हा नग्न श्रमणांचा अनुयायी. निघताना वडिलांनी तिला दहा उपदेश केले, तेही कोड्यात. घरातली आग बाहेर नेऊ नकोस, बाहेरची आग घरात आणू नकोस, असे पहिले दोन. म्हणजे घरातले उणेदुणे शेजारी सांगू नये आणि शेजारचे ऐकून घरात आणू नये. आपल्या नळावरच्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. शेवटच्या उपदेशाचा अर्थ सासू, सासरे आणि नवऱ्याला देवता मानावे असा केला आहे. आजच्या मुली यावर नाक मुरडतील, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. आपण मुलगी सासरी पाठवताना जावयालाही दोन उपदेश करायला हवेत.

तर विशाखा सासरी आली. सासऱ्याने आपले गुरू घरी बोलावले आणि सुनेला सांगितले, ये, अर्हतांना वंदन कर. ती आनंदाने आली, पण पाहून परत फिरली. हे माझ्या मनातले अर्हत नाहीत, असे स्पष्ट बोलली. गुरू संतापले, हिला घालवून दे म्हणाले. मिगाराने पोर लहान आहे म्हणून ते निभावून नेले. पण मनात अढी बसली.

मग तो प्रसिद्ध प्रसंग घडला. मिगार सोन्याच्या ताटात खीर खात बसला होता आणि विशाखा वारा घालत होती. दारात भिक्खू येऊन उभे राहिले. सासऱ्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. तेव्हा ती भिक्खूंना म्हणाली, भन्ते, पुढे चला, माझे सासरे शिळे खात आहेत. झाले! ताट बाजूला सारले आणि हुकूम सुटला, हिला घराबाहेर काढा.

आता भगिनींनो, इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडे समजूत अशी की घर एकत्र ठेवणारी बाई म्हणजे सगळे गिळणारी बाई. विशाखेने गिळले नाही. रडत माहेरी गेली नाही, की उलट आरडाओरडाही केला नाही. तिच्या वडिलांनी लग्नाच्या वेळीच आठ जाणती माणसे नेमून दिली होती. वाद झाला तर दोन्ही बाजू ऐकून निवाडा करायचा, हे त्यांचे काम. तिने त्यांना बोलवा म्हटले. त्यांच्यापुढे तिने उलगडा केला की सासरे नवे पुण्य जोडत नाहीत, जुन्यावर जगतात, याला मी शिळे म्हणाले. दुसरा आरोप होता, मध्यरात्री घराबाहेर का गेली? तर तबेल्यात घोडी व्यायला आली होती, तिची काळजी घ्यायला ती दासींसह दिवा घेऊन गेली होती. आठांनी तिला निर्दोष ठरवले. सासऱ्याने क्षमा मागितली. क्षमा करून ती म्हणाली, आता मी माहेरी जाते. थांबायचे तर मला संघाची सेवा करू द्या. एवढी एकच अट. तुमचे गुरू सोडा, अशी अट तिने घातली नाही.

पुढे भगवंत त्या घरी भोजनाला आले. गुरूंनी मना केले म्हणून मिगार पडद्याआड बसला आणि तिथूनच त्याने उपदेश ऐकला. तो सोतापन्न झाला आणि सुनेला म्हणाला, आजपासून तू माझी माता. तेव्हापासून ती मिगारमाता. नंतर सासूनेही धम्म स्वीकारला. तो पडदा मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला ऐकायचे असते, पण आपल्या माणसांसमोर एकदम वाकायचे नसते. घरात असा एक पडदा राहू द्यावा.

ही कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. ती आपल्या बाजूने लिहिलेली आहे, त्यामुळे त्यात दुसऱ्या पंथाचे गुरू चांगले कसे दिसतील? त्यावरून आज कुणाला हिणवू नये. स्वतः भगवंतांनी काय केले पाहा. निगंठांचा अनुयायी उपाली गृहपती आणि वैशालीचा सिंह सेनापती उपासक झाले, तेव्हा भगवंतांनी दोघांनाही सांगितले की तुमच्या घरी आजवर निगंठांना अन्न मिळत आले आहे, ते पुढेही द्या. धर्म बदलला म्हणून दारात आलेल्याचे ताट बंद झाले नाही.

बाबासाहेबांच्या घराकडे पाहा. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी. माता रमाईला पंढरपूरला जायची ओढ होती. ज्या देवळात आपल्याला पायरीबाहेर उभे राहावे लागते तिथे जाण्याला बाबासाहेब तयार नव्हते. ते देऊळ आपल्यासाठी १९४७ साली उघडले, आणि रमाई तर १९३५ सालीच गेल्या होत्या. मन दोघांचे वेगळे, संसार एक. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ रमाईच्या स्मृतीस अर्पण केला, हे आपण जाणतोच.

मग प्रतिज्ञांचे काय, असे काही बांधव विचारतील. विचारलेच पाहिजे. प्रतिज्ञा मी घेतली आहे, ती मी पाळणार. मी पूजेला बसणार नाही, सत्यनारायण माझ्या घरी होणार नाही, मुलांना वंदना मी शिकवणारच. पण सुनेने माहेरून आणलेला टाक तिच्या मागे फेकून द्यायचा अधिकार मला प्रतिज्ञेने दिलेला नाही. आपल्या वडिलांनी देव सोडले ते स्वतःच्या हातांनी, कुणी येऊन ओढून नेले नाहीत. सुनेनेही सोडले तर तसेच सोडावेत. हे माझे मत सर्वांना पटेल असे नाही, भन्तेजींनी नंतर दुरुस्त करावे.

आणखी एक गोष्ट समितीला सांगायची आहे. विशाखेला आठ माणसे होती. आपल्या सुनांना कोण आहे? भांडण चव्हाट्यावर येते तेव्हा आपण धावतो. विहारात चार-पाच जाणती माणसे नेमा, त्यांत निम्म्या बायका असू द्या, आणि लग्न लावतानाच दोन्ही घरांना त्यांची नावे सांगा. याला पैसा लागत नाही. विशाखेने आपला महालता अलंकार विकायला काढला तर तो घेणारा कुणी मिळेना. शेवटी तिनेच त्याची नऊ कोटी किंमत भरली आणि पूर्वाराम विहार उभा केला. त्या प्रासादाला लोक 'मिगारमातेचा प्रासाद' म्हणू लागले, आणि तिथे दिलेल्या अनेक सुत्तांच्या आरंभी आजही तेच नाव येते.

खीरदानाची वेळ होत आली आहे, मागे भांडी वाजू लागली आहेत. मी इथेच थांबते. जयभीम! नमो बुद्धाय!